सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे?

एखाद्या प्रदेशाचं कला आणि संस्कृतीचं धोरण आखायला घेतलं, की सगळ्यात आधी भिंतीवर नकाशा लागतो. त्यावर नाट्यगृहं, संग्रहालयं, कलादालनं, ग्रंथालयं यांचे ठिपके पडतात. मोठ्या शहराभोवती ठिपक्यांची दाटी होते, लांबच्या भागात कोरी जागा उरते. मग कोणीतरी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणतं, "इथं काहीच नाही." तिथून पुढची सगळी चर्चा त्या जागेत काय नेऊन ठेवायचं याचीच होते.

अशा बैठकांना मी बसले आहे, आणि "काहीच नाही" हे शब्द ऐकून दर वेळी अस्वस्थ झाले आहे. त्या कोऱ्या जागेतल्या एखाद्या शाळेच्या वर्गात दर मंगळवारी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं एकत्र गात असतात. एखाद्या गोदामात नाटकाची तालीम चाललेली असते. कोणाच्या तरी घराच्या मागच्या खोलीत चार मुलं तेच ते गाणं पन्नासाव्यांदा वाजवून बघत असतात. त्यांच्या दारावर पाटी नसते, म्हणून नकाशावर त्यांचा ठिपका पडत नाही.

प्रादेशिक धोरणाची सुरुवात या संध्याकाळींपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. काय बांधायचं, कोणता महोत्सव भरवायचा, पाहुणे कुठून बोलवायचे, हे सगळं नंतरचं. आधी एवढं विचारावं, की ती माणसं जमतात त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, आणि पुढच्या वर्षी ती त्यांना मिळेल का?

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातलं सत्ताविसावं कलम म्हणतं की प्रत्येकाला समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा हक्क आहे. इथला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भाग घेणं आधी आलं आहे, आनंद घेणं त्यानंतर. सरकारांनी मात्र हे कलम बहुतेकदा उलट्या बाजूने वाचलं. लोकांना आधी चांगले प्रेक्षक करू, भाग घेण्याचं पुढे बघू, असं.

फ्रान्सची गोष्ट या बाबतीत फार शिकवणारी आहे. १९५९ साली तिथं सांस्कृतिक व्यवहारांचं स्वतंत्र मंत्रालय स्थापन झालं आणि लेखक आंद्रे मालरो त्याचे पहिले मंत्री झाले. मानवजातीच्या, आणि त्यातही आधी फ्रान्सच्या, श्रेष्ठ कलाकृती जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवणं, हे मंत्रालयाचं काम ठरलं. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक 'संस्कृतिगृह' उभारायचं स्वप्न होतं. या कल्पनेत खोट नव्हती. राजधानीबाहेरच्या माणसालाही उत्तम नाटक, उत्तम चित्र बघायला मिळावं, असं वाटण्यामागे खरी तळमळ होती. जी मोजकी गृहं उभी राहिली, त्यांतली काही आजही जोमाने चालतात. पण १९६६ साली समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या कला-संग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयात कोण जातं हे शिक्षणावर आणि घरच्या वळणावर किती अवलंबून असतं, ते त्यातून उघड झालं. तिकीट स्वस्त केलं, दार सताड उघडं ठेवलं, तरी उंबरा ओलांडायची सवय आपोआप लागत नाही.

मग मे १९६८ आला. सगळा देश संपावर असताना नाट्यगृहांचे आणि संस्कृतिगृहांचे संचालक लिआँ शहराला लागून असलेल्या व्हिलरबानमध्ये जमले. आपण ज्यांच्यासाठी काम करतो असं म्हणतो, त्यांतले बहुसंख्य लोक आपल्याकडे कधी आलेच नाहीत, अशी कबुली त्यांनी जाहीर निवेदनात दिली. या न आलेल्यांसाठी त्यांनी एक शब्दही वापरला: 'अ-प्रेक्षक'. संस्था चालवणाऱ्यांनी स्वतः होऊन एवढं मान्य करणं ही मोठी गोष्ट होती. शब्द मात्र मला अपुरा वाटतो, कारण त्यातही माणूस मोजला गेला तो प्रेक्षक म्हणूनच. तो स्वतः काय करतो, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं गेलं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. जाक लांग मंत्री होते आणि संगीताचा विभाग मोरिस फ्लरे यांच्याकडे होता. लोकांच्या सांस्कृतिक सवयींच्या पाहणीत त्यांना दिसलं, की देशातली सुमारे पन्नास लाख माणसं कोणतं ना कोणतं वाद्य वाजवतात, आणि तरुणांमध्ये तर दोघांपैकी एक. मैफिलींची सोय यांतल्या फार थोड्यांसाठी होती. त्यातून २१ जून १९८२चा पहिला संगीतदिन निघाला. वाद्य घेऊन रस्त्यावर या आणि वाजवा, एवढंच आवाहन. आज तो दिवस जगभरातल्या कितीतरी शहरांत साजरा होतो. पन्नास लाख वादक काही मंत्रालयाने घडवले नव्हते. ते आधीपासून होते. कोणीतरी मोजायचं ठरवलं म्हणून दिसले, इतकंच.

इंग्लंडमध्ये अशीच मोजणी २००८ साली झाली. तिथं एकोणपन्नास हजारांहून अधिक हौशी कलासंस्था निघाल्या आणि त्यांचे सभासद भरले एकोणसाठ लाखांच्या घरात. गायनवृंद, नाट्यमंडळं, नृत्यगट, चित्रकलेचे आणि हस्तकलेचे गट. यांतल्या बहुतेकांना सार्वजनिक पैसा मिळत नव्हता. सभासदांच्या वर्गणीवर आणि तिकिटांवर ते चालत होते. इतकी माणसं फुटबॉलच्या मैदानावर उतरली असती, तर मैदान, पंच, प्रशिक्षक, दिवे यांची तजवीज करणारा विभाग कधीच निघाला असता. गाणाऱ्यांसाठी असा विभाग नाही, कारण गाणं ही ज्याची त्याची खासगी हौस मानली जाते.

या गटांना काय लागतं, ते एकदा शांतपणे ऐकून बघावं. क्वचितच कोणी नवी इमारत मागतं. मागणी असते ती आठवड्यातून एकदा तीन तास उघडी राहणाऱ्या खोलीची. तिला थंडीत ऊब हवी, उन्हाळ्यात वारा हवा. खुर्च्या आपल्या आपण हलवायला परवानगी हवी. सामान ठेवायला कुलपाचं कपाट हवं, नाहीतर दर वेळी अर्धा तास ने-आण करण्यातच जातो. आणि तालीम संपल्यावर घरी जायला बस हवी. शेवटची बस साडेआठला असेल, तर ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन नाही ते सगळे आठ वाजताच उठतात, आणि हळूहळू यायचे बंद होतात. संस्कृती विभागाच्या कागदात बसचं वेळापत्रक मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या मते ते पहिल्या दहा पानांत असायला हवं. प्रदेशाचं म्हणून वेगळं धोरण हवं ते यासाठीही, कारण बस, शाळा, सभागृह आणि कला ही खाती ज्या एका टेबलावर भेटू शकतात ते टेबल प्रदेशाच्याच पातळीवर असतं.

खोलीइतकंच लागतं एक माणूस. प्रत्येक गटात एक जण असतो जो निरोप धाडतो, वर्गणी गोळा करतो, शाळेच्या शिपायाशी गोडीगुलाबीने वागतो आणि सगळे गेल्यावर दिवे मालवतो. तो आजारी पडला किंवा गाव सोडून गेला, की गट वर्षभरात विस्कटतो. धोरणांमध्ये कलाकार असतात, प्रेक्षक असतात, 'भागीदार संस्था' असतात, पण या माणसासाठी शब्दच नसतो. त्याला पगारी करा असं माझं म्हणणं नाही. पुष्कळांना ते आवडणारही नाही. पण त्याच्या हाताखाली कोणी तयार व्हावं, त्याचा जाण्यायेण्याचा खर्च निघावा, कायद्याच्या आणि विम्याच्या भानगडी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नसाव्यात, एवढं तरी करता येतंच.

आता इमारतींकडे येते, कारण पैसा शेवटी तिकडेच वाहतो. स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचं उदाहरण दिल्याशिवाय असल्या चर्चा संपत नाहीत. १९९७ साली तिथं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि मरगळलेल्या औद्योगिक शहराचं नाव जगभर झालं. पण त्या शहराने नदी स्वच्छ करायला घेतली होती, १९९५ साली मेट्रो सुरू केली होती, बंदर आणि रेल्वेच्या जागा मोकळ्या करून नव्याने वापरात आणल्या होत्या. चकाकत्या इमारतीच्या छायाचित्रात यातलं काही येत नाही, आणि नक्कल होते ती छायाचित्राची. त्याच स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेला शहराशेजारच्या टेकडीवर गॅलिसिया प्रांताने 'संस्कृतीनगरी' उभारायला घेतली. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून पुढे गेला, आणि २०१३ साली उरलेल्या इमारती अर्ध्यावर सोडून काम थांबवावं लागलं.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराची हकीकत मला अधिक बोचते. मार्च १९९९मध्ये तिथं लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र उघडलं. स्टीलच्या चार प्रचंड पिंपांसारखी इमारत, लॉटरीच्या निधीतले एक कोटी दहा लाख पौंड आणि वर्षाला चार लाख प्रेक्षकांचा अंदाज. प्रेक्षक त्या मानाने फारच थोडे आले, आणि २००० साली केंद्र बंद पडलं. संगीताच्या दृष्टीने हे शहर ओसाड मुळीच नव्हतं. ह्यूमन लीग आणि पल्पसारखे वाद्यवृंद तिथलेच. केंद्र बंद झाल्यानंतर दोन वर्षांनी त्याच शहराच्या हाय ग्रीन या उपनगरातल्या शाळकरी मित्रांनी आर्क्टिक मंकीज हा गट काढला, आणि २००६ साली त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये विक्रमी वेगाने खपला. त्यांच्या तालमी एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतल्या स्टुडिओत चालत. मुलांना वाजवायला जागा हवी होती, आणि शहराने पैसा घातला होता संगीताविषयी माहिती दाखवणाऱ्या जागेत.

महोत्सवांना माझा विरोध नाही. पण महोत्सव आणि महोत्सव यांत फरक असतो. एस्टोनियातला गीतमहोत्सव १८६९ साली तार्तू शहरात सुरू झाला तेव्हा आठशेहून अधिक गायक-वादक जमले होते. आता तो साधारण दर पाच वर्षांनी टालिनमध्ये भरतो आणि सुमारे तीस हजार गायक एका वेळी उभे राहतात, तेही उण्यापुऱ्या तेरा-चौदा लाख लोकवस्तीच्या देशात. हे दोन दिवसांत घडत नाही. गाणी आधी ठरतात, स्वरलिपी गावोगावच्या वृंदांकडे जाते, तिथले वृंदप्रमुख महिनोन्‌महिने तालमी घेतात, प्रादेशिक सराव होतात, तयारी तपासली जाते, आणि मग कुठे मुख्य मंच येतो. पाच वर्षांतले ते दोन दिवस म्हणजे हजारो मंगळवारांची बेरीज असते. १९८८ साली याच मैदानावर जमून लोक गायले, आणि सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य मिळवण्याच्या त्या वेळच्या चळवळीला 'गाती क्रांती' हेच नाव पडलं. पाहुणे कलाकार बोलावून, मंडप घालून, तिसऱ्या दिवशी सगळं उचलून नेणाऱ्या महोत्सवामागे असं काहीच उरत नाही. आडात असेल तर पोहऱ्यात येईल.

जर्मनीतल्या रूर खोऱ्याने २०१० साली एक सुंदर गोष्ट केली. एसेन शहराच्या नेतृत्वाखाली तिथल्या त्रेपन्न नगरांना मिळून त्या वर्षीचा 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' हा मान मिळाला होता. १८ जुलैला डुइसबुर्ग ते डॉर्टमुंड हा साठ किलोमीटरचा महामार्ग वाहनांना बंद करून त्यावर वीस हजार टेबलं मांडली. टेबल मंडळांना, कुटुंबांना, शेजाऱ्यांच्या गटांना मिळायचं आणि त्यावर काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. सुमारे तीस लाख लोक आले. कोळशाच्या खाणी बंद होत गेलेल्या त्या पट्ट्यात शेजारच्या गावात काय चालतं हे लोकांनी त्या दिवशी चालत जाऊन पाहिलं. प्रदेश म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. हौशी लोकांच्या संध्याकाळींवर पैसा पसरला तर उत्तम कला कुठून येणार? हा वाद जुना आहे. ब्रिटनची कला परिषद १९४६ साली स्थापन झाली तेव्हा दर्जा उंचावणं आणि कला पसरवणं ही दोन्ही कामं तिच्याकडे होती. १९५०च्या दशकात तिने दर्जाच्या बाजूने कौल दिला. "थोडेच, पण गुलाब" हे तेव्हाचं वचन, आणि दशकाच्या मध्यावर परिषदेने आपली प्रादेशिक कार्यालयं बंदही केली. परिणाम दीर्घकाळ टिकला. तीन अभ्यासकांनी २०१३ साली हिशेब मांडला तेव्हा केंद्र सरकार आणि कला परिषद यांच्याकडून संस्कृतीवर होणारा खर्च लंडनमध्ये माणशी सुमारे ६९ पौंड आणि उरलेल्या इंग्लंडमध्ये साडेचार पौंडांच्या आसपास निघाला. राष्ट्रीय संग्रहालयं आणि मोठी नाट्यगृहं राजधानीत असल्यामुळे काही फरक पडणारच. पण पंधरा पट?

गुलाबांची बाजू मी समजू शकते. वाईट गाणं ऐकून कोणाचं भलं होत नाही, आणि कौतुकाने मान डोलावत राहिलं की गट तिथल्या तिथं फिरत बसतो. पण त्याचं उत्तर हौशी गटांना वाऱ्यावर सोडण्यात नाही. कसलेला वृंदप्रमुख, अनुभवी दिग्दर्शक, पट्टीचा विणकर महिन्यातून दोनदा त्या खोलीत आला पाहिजे, आणि त्याला त्याचा पूर्ण मेहनताना मिळाला पाहिजे. 'समुदायासाठी' म्हणून कलावंताकडून फुकटात काम करून घ्यायची खोड सार्वजनिक संस्थांना लागली आहे. तिची मला चीड आहे. त्याच बैठकीत चहा पाजणाऱ्यालाही बिल चुकतं होतं आणि कार्यशाळा घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. आयर्लंडने २०२२ साली दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो नियमित द्यायचा प्रयोग सुरू केला, आणि पात्र अर्जदारांतून निवड चक्क सोडत काढून केली. प्रत्येक प्रदेशाला एवढं परवडेल असं नाही. पण महिन्याच्या महिन्याला येणारी थोडी रक्कम एकदाच मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त कला जगवते, हे ओळखणं कोणालाही परवडतं.

पैसा कसा द्यावा याचा धडा ब्राझीलकडून घ्यावा, यशाचाही आणि ठेच लागल्याचाही. गायक झिल्बेर्तो जिल २००३ साली तिथं संस्कृतिमंत्री झाले. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या योजनेत सरकारने नवी केंद्रं बांधली नाहीत. वस्त्यांत, खेड्यांत, आदिवासी भागांत आधीपासून काम करणाऱ्या गटांना 'संस्कृतिबिंदू' म्हणून मान्यता दिली, काही वर्षं पुरेल असा निधी दिला आणि ध्वनिचित्रमुद्रणाची साधनं दिली. शरीरावरचे ठरावीक बिंदू दाबले की सगळ्या अंगात ऊर्जा खेळते, अशी उपमा जिल यांनी वापरली होती. काही वर्षांत असे दोन हजारांहून अधिक बिंदू झाले. आणि मग अडचण आली ती पावत्यांची. मोठ्या कंत्राटदारांसाठी लिहिलेले हिशेबाचे नियम ढोल वाजवणाऱ्या गटाला लावले गेले. हप्ते रखडले, आणि इमानाने काम केलेले लोक कागद अपुरे म्हणून दोषी ठरू लागले. २०१४ साली वेगळा कायदा करून ही प्रक्रिया सोपी करावी लागली. दहा वर्षं गेली त्यात. ज्या गटाकडे अर्ज लिहिणारा माणूस आहे त्यालाच पैसा मिळतो, हे चित्र सगळीकडे सारखंच आहे, आणि धोरण आखणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच ते मोडलं पाहिजे. अर्ज दोन पानांचा असावा, हवा तर तोंडी सांगता यावा. आणि वीस-तीस लहान गटांत मिळून एक हिशेबनीस प्रदेशाने पुरवावा. तीच गोष्ट दिव्यांची, ध्वनियंत्रणेची, सामान नेणाऱ्या गाडीची. प्रत्येक गावाने घेऊन ठेवायची या वस्तू नाहीतच.

कलेमुळे आरोग्य सुधारतं, एकाकीपण कमी होतं, असं सांगून निधी मागायची पद्धत पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचा आरोग्याला उपयोग होतो हे नोंदवलंही आहे. ते चांगलंच आहे. पण गाणारी माणसं रक्तदाबासाठी गात नाहीत, आणि त्यांच्या तालमीत दर तीन महिन्यांनी प्रश्नावली घेऊन जाणारं धोरण त्यांना नकोसं होईल.

म्हणून धोरणाचं पहिलं वर्ष कसं असावं, याबद्दल माझी एक अगदी साधी मागणी आहे. सल्लागारांचा अहवाल लिहून घ्यायच्या आधी दोन माणसांना वर्षभर संध्याकाळी फिरायला पाठवा. त्यांतलं एक तरी त्या भागात वाढलेलं असावं. प्रत्येक शाळेपाशी, प्रार्थनास्थळापाशी, बंद कारखान्यापाशी, ग्रंथालयापाशी सहा ते दहाच्या दरम्यान थांबून त्यांनी वहीत नोंदवावं: दिवा लागलेला आहे का, आत कोण आहे, किती वर्षं जमतात, भाडं किती, किल्ली कोणाकडे, शेवटची बस किती वाजता. आत बोलावलं तर बसावं, नाही बोलावलं तर निघून यावं. जिथं दिवा नाही, तिथं तो पूर्वी कधी लागायचा का आणि का बंद झाला, हेही शेजारी विचारावं. मग भिंतीवरच्या त्या नकाशावर हे ठिपके लावावेत, आणि वही ज्यांनी भरली त्या दोघांना पुढच्या बैठकीत टेबलाशी जागा द्यावी.